जयसिंगरावांवरील माझे उपचार

२ जून १९६३, रविवार

उद्यापासून पदव्युत्तर डिप्लोमा. विषय ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोग्याला गोळ्यांनी नव्हे तर कामाने बरं करायचं. जागा मनोरुग्णांचं इस्पितळ. बंगळुरात हे शिकणारा मराठी माणूस बहुधा मी एकटाच.

अण्णांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारलं की, बी.एस्सी. होऊन तू वेड्यांना खुर्च्या विणायला शिकवणार का. मी शांतपणे सांगितलं की 'वेडे' हा शब्द आता वापरत नाहीत. त्यावर म्हणाले, ते तुला चावले तर कुठला शब्द वापरायचा तेही विचारून ठेव. शिवाय दम दिला. परीक्षेत नापास झालास तर चिकपेटेतलं दुकान आहेच, गादीवर बसायचं. बापाने मुलाला असं बोलावं?

भीती अजिबात नाही. सकाळपासून पोट बिघडलंय ते सकवार आत्याने केलेल्या हुरळीच्या, म्हणजे कुळथाच्या, सारामुळे.

३ जून

इस्पितळाच्या स्टॉपवर उतरलो नाही. विचारांत होतो. बस पार गावाबाहेर, हेब्बाळपर्यंत गेली. तळ्याकाठी बसून पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं. मन एकाग्र करायला जागा उत्तम.

४ जून

आजही हेब्बाळ. दुसरं प्रकरण.

५ जून

उतरलो. कंडक्टरने हात धरून उतरवलं म्हटलं तरी चालेल.

विभागप्रमुख लक्ष्मीदेवी मॅडम. म्हैसूरच्या. अतिशय हळू बोलतात. वर्ग सोमवारीच सुरू झाले, एवढंच म्हणाल्या. हळू बोलणाऱ्या माणसांसमोर मला नेहमी घाम येतो. उकाडाही होता.

कामाची खोली पाहिली. माग, सुतारकाम, वेतकाम. भिंतीवर हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचीच काळी आकृती रंगवलेली. एखादं नाहीसं झालं तर लगेच दिसावं म्हणून. मी विचारलं, नाहीसं झालेलं जातं कुठे? वॉर्डातला शिपाई मल्लाप्पा नुसता हसला. हे काही उत्तर नव्हे.

१० जून

पहिला नियम शिकवला: रोग्याचं काम थेरपिस्टने करायचं नाही. वाकडं झालं तरी त्याच्याच हातून व्हावं. वहीत लाल शाईने लिहून घेतलं. सोपा नियम आहे. काम न करणं मला जड जाणार नाही.

१७ जून

रुग्ण मिळाला. सप्टेंबरअखेर मुंबईचे परीक्षक येणार, त्यांच्यापुढे हाच रुग्ण आणि त्याने केलेली वस्तू ठेवायची. यावरच पास-नापास.

नाव हवालदार जयसिंगराव. बेळगावकडचे. चीनच्या लढाईतून परत आले ते गप्पच झाले. फेब्रुवारीत धाकटा भाऊ मालोजी इथे सोडून गेला. बसवलं की बसतात, उठवलं की उठतात. एक शब्द नाही. दंड माझ्या मांडीएवढा. मॅडम म्हणाल्या, मराठी येणारे तुम्हीच, म्हणून तुमच्याकडे. मातृभाषेमुळे माणूस असा गोत्यात येतो.

योजना: खुर्चीची वेताची बैठक त्यांच्याकडून विणून घ्यायची. जुलैत हात चालू. ऑगस्टात बोलणं चालू. सप्टेंबरात परीक्षकांशी हवापाण्याच्या गप्पा.

१८ जून

पहिली बैठक. मी दाराजवळ बसलो, तिथे उजेड चांगला येतो. वेत तासायची सुरी माझ्याकडे ठेवली. मग वाटलं, सुरी माझ्या हातात बघून हवालदार बिथरतील. दोघांच्या मध्ये ठेवली. मग लक्षात आलं की मध्ये ठेवलेली वस्तू दोघांना सारखीच जवळ असते. मल्लाप्पाला देऊन टाकली. यात वेळ संपली.

निरीक्षण: रुग्ण शांत.

१९ जून

'जयसिंगराव, वेत हातात घ्या' असं म्हणायचं होतं. घरी आरशासमोर छान जमलं होतं. तिथे घशातून फक्त 'ज' निघाला. मग मीच वेत घेतला आणि पहिल्या भोकातून ओवून दाखवला. याला निदर्शन म्हणतात.

२ जुलै

निदर्शन चालू. मी विणतो, ते बघतात. निदर्शन किती दिवस चालावं याबद्दल पुस्तकात काही मर्यादा दिलेली नाही.

बैठक मात्र सुबक होतेय.

१२ जुलै

मोठी घटना. सुताराच्या टेबलावरून फळी पडली, बंदुकीसारखा आवाज. त्याच वेळी माझा वेत खाली पडला, म्हणून मी टेबलाखाली गेलो. वेत शोधायला जरा वेळ लागला. बघतो तर शेजारी जयसिंगराव उकिडवे बसलेले आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर! रामरक्षा अर्धी म्हणून झाली. पुढची आठवेना.

निष्कर्ष: रुग्णाला मोठ्या आवाजाची भीती वाटते. आधारासाठी थेरपिस्टला धरतो. विश्वास संपादन झाला.

१५ जुलै

हवालदारांनी आपलं स्टूल उचलून माझ्या आणि बाकी खोलीच्या मध्ये आणून ठेवलं. कोणी न सांगता. आता माझ्यापर्यंत यायचं तर आधी त्यांना ओलांडावं लागेल. म्हणजे मलाही बाहेर पडायचं तर तेच. मॅडमना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार, रोग्याने स्टूल हलवलं?

२४ जुलै

बोट कापलं. थोडं नाही, चांगलं. जयसिंगराव उठले. सुरी उचलली. मी डोळे मिटले. मनात आलं, अण्णांना कोण कळवणार, आणि कळवायला जाणारा दुकानात जाईल की घरी? डोळे उघडले तर ते आपल्या टॉवेलाचा काठ सुरीने फाडून माझ्या बोटाला बांधत होते. बांधला आणि सुरी स्वतः नेऊन भिंतीवरच्या तिच्या आकृतीवर टांगली.

निष्कर्ष: रुग्णाला रक्त बघवत नाही. लढाईचा परिणाम. (अक्षर वाईट आलंय ते बोटामुळे.)

८ ऑगस्ट

बोलले! माझा हात वेत ओवताना थरथरत होता, रोज थरथरतो, वेत ओला आणि गार असतो. ते एकदम म्हणाले, 'भ्याचं न्हाई.' एवढंच. फेब्रुवारीपासूनचा पहिला शब्द.

बिचारे स्वतःला धीर देत होते.

अर्थात हा माझा विजय. मॅडमना लगेच सांगायला निघालो, आणि दारातून परत फिरलो. सांगितलं तर त्या रोज येऊन बसतील. बसल्या तर वेत कोण ओवतं ते बघतील. निम्म्याहून जास्त बैठक झाली आहे आणि हवालदारांनी अजून वेताला बोट लावलेलं नाही. त्यांना 'ओवा' म्हणायची माझी छाती होत नाही. होत नाही म्हणजे योग्य वेळ आलेली नाही.

अहवालात लिहिलं: बोलत नाहीत.

१९ ऑगस्ट

आता रोज दोन-चार शब्द. 'बस की निवांत.' 'पानी पी.' 'त्यो शिपाई वरडला तर वरडू दे, म्या हाय.' पाण्याचा पेला स्वतः आणून ठेवतात. मी येईपर्यंत दाराशी उभे असतात, असं मल्लाप्पा म्हणाला. उशीर झाला तर येरझाऱ्या घालतात म्हणे.

माझी पद्धत मोडीत न काढता पुढे चालू ठेवावी असं ठरवलं.

६ सप्टेंबर

बैठक पुरी झाली. आत्यासुद्धा म्हणेल की विकत आणली. उलटी करून पाहिली, एक गाठ दिसत नाही.

लाल शाईतला नियम मधूनमधून डोळ्यांपुढे येतो. पण परीक्षक खुर्ची बघणार. खुर्ची उत्तम आहे. कोणी विणली विचारलं तर रुग्णाने, असं सांगायचं. रुग्ण काही सांगणार नाही, कारण परक्या माणसासमोर तो बोलतच नाही. हा माझ्या उपचारांचा सगळ्यात भक्कम भाग आहे.

२० सप्टेंबर

झोप नाही. हे परीक्षक गेल्या खेपेला अर्धा वर्ग नापास करून गेले, असं ऐकलं. जेवताना अण्णांनी सहज म्हणून गादीची नवी खोळ दाखवली. भीती वाटते. थोडी. म्हणजे परीक्षेपुरती.

२६ सप्टेंबर

आज जयसिंगरावांनी विचारलं, तोंड का असं झालंय. उद्या साहेब येणार म्हटलं. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, म्या हाय न्हवं.

तीच तर काळजी आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

काय झालं ते क्रमाने लिहितो.

परीक्षकांनी खुर्ची पाहिली. उलटी केली. मराठीत म्हणाले की खुर्ची फार चांगली आहे, बाजारातल्याहून चांगली आहे आणि हेच त्यांना आवडलेलं नाही. रोग्याची पहिली ओळ वाकडी यायला हवी, शेवटची जरा कमी वाकडी. त्या दोन ओळींतला फरक म्हणजे उपचार. इथे पहिली ओळही सरळ, शेवटचीही सरळ. विणली कोणी?

मी म्हटलं, रुग्णाने. ते मोठ्याने म्हणाले, खरं सांगा. माझ्या हातातला रुग्णाच्या प्रगतीचा तक्ता फडफडायला लागला.

जयसिंगराव उठले. ताठ उभे राहिले. सॅल्यूट केला. म्हणाले, 'सायेब, वरडू नगा. पोरगं लई भितंय. कापतंय बघा कसं. खुर्ची त्यानंच इणली, माझा हात न्हाई लागला. पर माझ्याकडं दिल्यापासनं लई सुधारलंय. आदी टेबलाखाली जाऊन बसायचं.'

लक्ष्मीदेवी मॅडमना मराठी येत नाही. पण ज्या माणसाने इतक्या महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं तो बोलतोय, हे त्यांना दिसत होतं. हळू बोलायचं विसरून त्यांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी इंग्रजीत सांगितलं की उमेदवार सावधपणे काम करतो, असं म्हणतात. परीक्षकांनी तिथल्या तिथे भाषांतर दुरुस्त केलं.

मग मॅडम हवालदारांसमोर स्टूल ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, विचारा, या मुलाची एवढी काळजी का घेतलीत. मी विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यांच्या तुकडीत असंच एक पोरगं होतं, परसू. बर्फात हात कापायचा त्याचा. 'त्येच्यावर म्या वरडलो. भितूस काय, म्हटलं. मग ते समद्यांच्या फुडं पळालं, गोळीला गावलं. ह्येच्यावर न्हाई वरडलो.'

हे मात्र मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

त्यानंतर माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही. सगळे त्यांच्याभोवती. ते बोलत होते, रडत होते. मी तक्ता धरून उभा. शेवटी परीक्षकांना माझी आठवण झाली. म्हणाले, रोगी नक्कीच सुधारलाय. उमेदवाराने नेमकं काय केलं, ते उमेदवार सांगू शकेल का?

मी म्हटलं, मला भीती वाटत होती.

३० सप्टेंबर

नापास.

मॅडमनी खोलीत बोलावलं. पुन्हा हळू आवाज. म्हणाल्या, तुमची भीती खरी होती म्हणून त्या माणसाच्या उपयोगी पडली. खोटी असती तर त्याने ओळखली असती. पण भीतीला मार्क देता येत नाहीत. शिवाय ते बोलू लागल्याचं तुम्ही लपवलंत, त्यात त्यांचा दीड महिना गेला. सहा महिने पुन्हा करा.

दीड महिना. हे मला सुचलंच नव्हतं. मी फक्त माझ्या परीक्षेचा हिशेब करत होतो. फार वाईट वाटलं.

१ ऑक्टोबर

अण्णांना सांगितलं. वाटलं होतं आता गादी. त्यांनी हिशेबाची चोपडी मिटली. मग म्हणाले, कर बाबा आणखी सहा महिने. दुकानात घेऊन तुझं काय करू? गिऱ्हाईक जरा चढ्या आवाजात बोललं की तू भाव पाडतोस. खोळ म्हणे पाहुण्यांसाठी शिवली होती.

म्हणजे मी दुकानालाही नको होतो. मग इतके महिने मी कशाला घाबरत होतो?

५ ऑक्टोबर, शनिवार

जयसिंगराव घरी गेले. मालोजी न्यायला आला होता. फाटकाबाहेर जटका, म्हणजे इथला टांगा, उभा. मालोजी ट्रंक ठेवत होता आणि भाऊ बोलतोय हे पाहून दर वाक्याला डोळे पुसत होता.

जयसिंगराव चढेनात. परत माघारी आले. मॅडमना काहीतरी विचारायचं होतं, म्हणून भाषांतराला मी.

त्यांनी विचारलं, 'मला सोडलंसा. ह्या पोराला कवा सोडणार?'

मी ते इंग्रजीत विचारलं. मॅडम म्हणाल्या, अजून सहा महिने. मी ते मराठीत सांगितलं.

त्यांचं तोंड उतरलं. मला जवळ घेऊन पाठीवर हात ठेवला. मग मॅडमना सांगायला सांगितलं की, पोरगं गुणाचं आहे, लवकर बरं होईल, पण त्याला एकटं बसवू नका, आणि दाराकडे तोंड करून बसवा.

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. मॅडम कानडीत म्हणाल्या, 'सरी', म्हणजे बरं.