चौकटीवरची लाल रेघ

प्रिय ताई,

हाताने लिहिलेलं माझं पत्र बघून तू आधी घोटभर पाणी पिशील आणि मग भाऊजींना हाक मारशील. हाक मारू नकोस. मी ठणठणीत आहे, नोकरीही अजून आहे. मेसेज पाठवला असता तर चष्मा सापडत नाही म्हणून तू फोन भाऊजींच्या हातात दिला असतास, त्यांनी तो बातम्या वाचल्यासारखा साऱ्या घराला ऐकवला असता, आणि पिटुकलीने तो दाराआडून ऐकला असता. म्हणून कागद. एकटीने वाच. मग ठेवायचा की फाडायचा ते तुझं तू बघ.

तुझा प्रश्न मला हल्ली रोज येतो. पिटुकलीला फोन कधी द्यायचा, तू सांगशील ते. भाऊजींचंही तेच, मावशी सांगेल ते. घरात टीव्हीचा रिमोट चालेना की मला विचारायचं, बँकेचा पासवर्ड विसरला की मला विचारायचं, आणि आता लेक मोठी कधी होते तेही मलाच विचारायचं. कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेणारी आपल्या घरात मी एकटीच, त्याची ही शिक्षा. पिटुकली म्हणते वर्गात सगळ्यांकडे फोन आहे. सगळ्यांकडे म्हणजे चार-पाच जणींकडे असणार. आपणही बाबांना असंच सांगायचो.

सायकलच्या वेळचं आठवतं का गं तुला? बाबांना वय कळायचं नाही, माप कळायचं. शिलाईच्या दुकानात दिवसभर गळ्यात टेप, घरी आल्यावरही तोच. आपण सायकलसाठी मागे लागलो तर त्यांनी दाराच्या चौकटीवर निळ्या पेन्सिलीने रेघ मारली आणि सांगितलं की डोकं या रेघेला टेकेल तेव्हा सायकल मिळेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी माप. तू वेणीच्या मुळाशी कागदाची पुंगळी खोचून उभी राहिलीस आणि बाबांनी तळहाताने केस दाबले. पुंगळी चुरचुर वाजली. आई स्वयंपाकघरात हसून हसून बेजार. पुढे मी तुझ्याआधी रेघेला टेकले आणि तू माझ्याशी आठवडाभर बोलली नाहीस, तरी सायकल आधी तूच पळवलीस.

मग गेल्या सुट्टीत मी आले, पिटुकलीने फोनचा हट्ट धरला, आणि तू म्हणालीस, चल, आपण बाबांसारखं करू. मला ते फार आवडलं. लाल मार्करने रेघ मी मारली, तिच्याशेजारी ‘फोन’ हेही मीच लिहिलं, फ ला शेपटी काढून, पिटुकलीला हसवायला. ती टाचा उंच करून बघत होती आणि आपण दोघी चहा पीत तिला चिडवत होतो. सायकलला पाय पुरावे लागतात, म्हणून बाबांची रेघ बरोबर होती. फोनला काय पुरावं लागतं हा विचार तुझ्या-माझ्या कुणाच्याच डोक्यात आला नाही. उंची मोजणं सोपं होतं, आपण मोजली.

तुझा कोपरा फुटलेला जुना फोन किल्ल्या आणि गेलेल्या बल्बच्या खणात पडून होता. तुला वाटत होतं तो मेलाय. पिटुकलीने भाऊजींच्या चार्जरवर तो जिवंत केला, घरच्याच वायफायला जोडला आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी तू झोपलीस की ती चौकटीखाली उभी राहून, व्हिडिओ टाकून जगाशी बोलायला लागली. काय बोलायची ते तुला आता माहीत आहे. उंची कशी वाढवायची ते विचारायची. रेघेला टेकले की आई फोन देणार आहे, अजून एवढं राहिलंय, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा. फोन मिळावा म्हणून फोनवरून विचारत होती. ताई, हे बाबांच्या दुकानात कुणी सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते.

त्या व्हिडिओखाली एका माणसाने लिहिलं की त्याच्याकडे एक फोन जास्तीचा आहे, उंची वाढवायची काही गरज नाही, शाळा कुठली ते सांग, सुटल्यावर देतो. पिटुकलीने शाळा सांगितली. पुढचं तू स्वतः पाहिलंस. मी दुपारी फोन केला, तू अनवाणी शाळेत धावलीस, तिला वर्गातूनच घरी आणलंस, भाऊजी चौकीत जाऊन आले. तो माणूस आला होता की नाही हे कुणालाच कळलं नाही. पोर घरी आहे, एवढं पुरे.

तेव्हापासून मी घरातली देवमाणूस झाले आहे. काकूचा फोन आला, तुझ्या नणंदेचा आला, आयुष्यात कधी न बोललेल्या तुझ्या शेजारणीचाही आला. तू सगळ्यांना एकच सांगतेस, की लाखो पोरांमधून मावशीने आपली पोर एका नजरेत ओळखली. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच, असंही म्हणतेस म्हणे. आणि फोनवर मी किती शांत होते, एक शब्द इकडचा तिकडे नाही, हेही सांगतेस. मी हो हो करत राहिले.

आता माझं काम काय आहे ते सांगते. सांगू नये अशी अट आहे, पण तुला सांगितलं नाही तर बाकीचं समजणार नाही. ‘तपासणी’ म्हटल्यावर आई आयुष्यभर समजत राहिली की मी पेपर तपासते. मी लोकांनी टाकलेले व्हिडिओ तपासते, आपल्या भाषेतले. कुणीतरी तक्रार केलेली असते, तो माझ्या पडद्यावर येतो, मी बघते आणि दोनपैकी एक बटण दाबते. राहू दे, नाहीतर काढा. मोठा हॉल आहे, गार, खिडक्यांना पडदे, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. आत शिरताना आमचे स्वतःचे फोन दारातल्या कप्प्यांत कुलूप लावून ठेवावे लागतात. एवढाली मोठी माणसं, पण आम्हाला आत फोनची परवानगी नाही. शेजारची मुलगी आली तेव्हा पहिले काही दिवस बाथरूममध्ये जाऊन रडायची. आम्ही तिला सांगितलं, जाईल. गेलं. आठवड्याला एक समुपदेशक बाई रंगीत पेन्सिली घेऊन येतात आणि आमच्याकडून पानं-फुलं रंगवून घेतात. माझी फुलं रेघेबाहेर जात नाहीत म्हणून त्या खूश असतात.

मी काय काय बघते ते लिहीत नाही. लिहिलं तर तुझं जेवण जाईल. माझं जात नाही. आधी जायचं. मग एक दिवस डबा खाताना लक्षात आलं की सकाळी पाहिलेलं मला आठवत होतं आणि तरी मी दुसरी पोळी घेत होते. मला वाटलं, सरावले. बरं वाटलं होतं तेव्हा. आईच्या आजारपणात तू म्हणालीस की तू खंबीर आहेस म्हणून निभावलं. मी खंबीर नव्हते ताई. मी तिच्या उशाशी बसून, तिला काही वाटतंय का ते बघत होते आणि मला काही वाटतंय का तेही बघत होते.

पिटुकलीचा व्हिडिओ माझ्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा ती चौकटीच्या वरच्या लाकडाला लटकत होती, पायांना दप्तर बांधून. कुणीतरी धोकादायक म्हणून तक्रार केली होती. मी पूर्ण पाहिला. रक्त नाही, धमकी नाही, कपडे अंगभर. व्यायाम. राहू दे दाबलं. चौकटीला रंग द्यायला झालाय, एवढं मनात आल्याचं आठवतं. दुसऱ्या दिवशी तोच परत आला, या वेळी खालच्या मजकुरासकट. त्या माणसाचं लिहिणं दिसलं, काढण्याच्या नियमात बसत होतं, काढा दाबलं. काढताना चित्र क्षणभर पडद्यावर अडकून राहतं. तेव्हा ती खाली उतरून उभी होती, आणि मला तिच्या डोक्याच्या वर लाल रेघ दिसली आणि शेपटीवाला फ दिसला. अक्षर माझं होतं. अक्षर ओळखलं, मग चौकट ओळखली, आणि मग त्या चौकटीत उभी आहे ती कोण असेल याचा हिशेब केला.

तिचं तोंड मी दोनदा पाहिलं होतं. तिचा आवाज दोनदा माझ्या कानात होता. गेल्या सुट्टीत पडलेला तिचा दात मीच माझ्या रुमालात बांधून घेतला होता, ती फटही समोर होती. मला ती दिसली नाही. आणि कळल्यावरही मी लगेच उठले नाही. पुढचा व्हिडिओ आला होता, तो बघितला, बटण दाबलं, मग उठून कप्प्याशी गेले आणि तुला फोन केला. तू ज्याला शांत म्हणतेस ते हेच. आत काहीच नव्हतं, आवाज कापायला.

म्हणून फोन कितव्या वर्षी द्यायचा हे मला विचारू नकोस. मला माहीत नाही. ती रेघ मात्र खरवडून काढ, आणि जोवर तिला कुणी काही वेडंवाकडं लिहिलं तर ती तुझ्याकडे धावत येईल अशी तुझी खात्री होत नाही, तोवर तुझ्या शेजारी बसूनच तिला तुझा फोन बघू दे. दुपारची झोप थोडी कमी कर. बाकी तुम्ही आईबाप आहात, ठरवा.

हे पत्र त्याच्यासाठी नाही. पिटुकलीने काल तुझ्या फोनवरून मला लिहिलं, मावशी, तू मला लगेच ओळखलंस ना? मी अजून उत्तर दिलेलं नाही. रजा टाकली आहे, रविवारी सकाळच्या गाडीने येते. माझं एक काम कर. तिला स्टेशनवर घेऊन ये, पण तू लांब उभी राहा, मला दिसू नकोस. तिला तिच्या मैत्रिणींसोबत गर्दीत उभी कर आणि सांग की मावशीला हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही, हसायचंसुद्धा नाही. खेळ आहे म्हणून सांग. मी एकेकीचं तोंड बघत येईन. वेळ लागला तरी तू मध्ये पडू नकोस.

तुझीच,
धाकटी