अँटेनाची तार

१२ ऑक्टोबर
आज धानोऱ्याले पोचलो. मी वरोऱ्याचा, इथी केबलसाठी नाल्या खोदाचं काम. ठेकेदारानं देवरावभाऊच्या घरी खोली पाहून देल्ली. झकास आहे. मागं मोहाचं झाड, समोर धान पिवळं पडून राह्यलं. भाऊची बायको अंजनाबाई. त्यायचा पोरगा अश्वजित मागच्या धानाच्या वक्ती हैदराबादले कामाले गेला म्हणते. फोन येत नाई. बाईनं मले ताट वाढलं अन् हात धुवेपर्यंत विचारत राह्यली, "जेवला का लोकेश बापू? पोटभर जेवला का?" मले माय नाई. असं कोणी विचारत नाई.

१३ ऑक्टोबर
अश्वजितचा म्युझिक सिस्टीम कपड्यानं झाकून होता. वरोऱ्यात मी डीजेच्या गाडीवर वायरी जोडो, तं बाईले म्हटलं, चालू करून देतो. बॉक्सच्या लाल-काळ्या वायरी लागल्या, पण रेडिओ नुसता खरखर करे. अँटेनाची वायर हरवली होती. कोठ्यात लोखंडी तारेचं भेंडोळं भेटलं. एक टोक मागच्या भोकात खोचलं, दुसरं मोहावर उंच बांधलं. गाणं इतकं साफ लागलं का बाई तोंडाले पदर लावून हासली.

१५ ऑक्टोबर
भाऊ गावाहून आले. तार पाहून जेवलेच नाई. म्हणे काढ, रानडुकरं माराची तार होय ते. धान पिकलं का इथी बांधावर अशी तार लावतात, सांजेले लाईट जोडून करंट सोडतात. बाजूच्या वावराचा सोमाजी अजून लावते. भाऊनं लावणं सोडलं. बाई म्हणे, "तुमच्या पोटात काऊन दुखते? पोराचा डब्बा बोलून राह्यला तं बोलू द्या."

१७ ऑक्टोबर
सांजेले दोन गाण्यांच्या मधात एका पोराचा आवाज आला. "आई." बाईच्या हातचा भाजी हालवाचा सराटा पडला. मंग गल्लीभर सांगत सुटली, माहा अश्वजित रेडिओत लागला हैदराबादले! भाऊ आंगणात कान दाबून बसले होते.

१८ ऑक्टोबर
तार काढून फेकली. मागच्या पिनेले मोबाईल जोडून माहं गाणं लावलं. गाण्याच्या खालून तोच आवाज. "आई, बाबाले म्हण, लाईट बंद कर." प्लग ओढला. तरी—
भाऊनं मले बांधावर नेलं. एका जागी धान अजून हिरवंगार. म्हणे, मागच्या साली एका सकायी आलो तं पोराची मूठ तारेवर होती. लाईट माह्याच हातानं जोडला होता. जेलच्या भेवानं इथंच पुरला. हैदराबाद झूठ. "बाईले नोको सांगू. मरून जाईन ते."

१९ ऑक्टोबर
मी नाई सांगितलं. बाईनंच डब्ब्याले विचारलं, कुठी आहेस रे बापू? तो म्हणे, आपल्या बांधावर. बाईनं भाऊकडं पाह्यलं. भाऊची मान खाली. बाई बांधाकडं पळाली— दिवस बुडून राह्यला— सोमाजीची तार— आम्ही ओरडलो, बाई, लाईट—

२१ ऑक्टोबर
बाईची माती झाली. भाऊले पोलीस घेऊन गेले. घरात मी एकटा.
प्लग माह्या हातात. वायरी सगळ्या सुटल्या. डब्बा बोलून राह्यला.
पोरगा आता लाईटचं म्हणत नाई. बाई त्याले विचारते, जेवला का. तो हाव म्हणते.
मंग माहं नाव—
बाई, मी परवापासून काहीच—