जाळ्यांच्या खोलीतला गोल्फ

वेसावे,
२० जुलै

चि. सौ. अनुपमा हिस तुळशीदासचे अनेक आशीर्वाद.

एकवीरा आईच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? नाहूरला पाणी साचलं असं प्रेमा म्हणाली तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. ऋतिकाला शाळेत नेताना गटाराच्या कडेने नेऊ नको. मधूनही नेऊ नको, रिक्षावाले आंधळे झालेत. रेनकोटची टोपी घालायला सांग.

अक्षर वाकडं येतंय ते समजून घे. जाळं बांधताना दोरी बोटांना काचली. आणि माझा फोन बिघडलाय, म्हणून पत्र. प्रेमा सुकी मासळी घेऊन तुमच्याकडच्या बाजारात येतेच, तिच्या हाती देतोय.

मोठी बातमी म्हणजे आपल्या जाळ्यांच्या खोलीत आता गोल्फ आलाय. हसू नको. तुला ठाऊकच आहे, कृणाल गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलायचा. ते काम सुटलं. मग म्हणाला, मैदान घरातच आणतो. समोर जाड पांढरा पडदा. वर टांगलेल्या प्रोजेक्टरने त्यावर हिरवंगार मैदान दिसतं. इकडून खऱ्या काठीने खरा चेंडू मारायचा. चेंडू पडद्यावर आपटून खाली पडतो, पण जमिनीवर ठेवलेली एक डबी त्याचा वेग मोजते आणि पडद्यातल्या मैदानात तोच चेंडू उडत लांब जातो. याला सिम्युलेटर म्हणतात. नवा घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून सगळं जुन्यातून जमवलं. प्रोजेक्टर लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडचा. पाइपची चौकट मरोळला वेल्डिंग करून आणली. गालिचा बंद पडलेल्या क्रिकेटच्या टर्फवरचा. पडद्यामागे चेंडू अडवायला माझं जुनं जाळं. काठी उगारायला उंची लागते म्हणून पोटमाळा काढून टाकला. माळ्याखालचं तुझं शिलाईचं मशीन नीट ठेवलंय, काळजी नसावी.

टॉवरमधली पोरं तासावर खेळायला येतील असं कृणाल म्हणतो. देव करो आणि येवोत. मला विजेची भीती वाटते. एवढं सगळं एकाच बोर्डावर आहे आणि भिंतीला ओल.

कृणाल समोरच बसलाय. तो म्हणतो, बाबा, हे पण लिहा, की आता माझा सगळा राग चेंडूवर निघतो. खरंच तो सकाळ-संध्याकाळ मारत असतो. थड, थड, थड. आधी शेजारी विचारायचे, आता सवय झाली, कोणी विचारत नाही.

ऋतिकाला सांग, तिचा बोका हल्ली बाहेरच असतो.

तर नारळी पौर्णिमेला पोरीला घेऊन घरी ये. सुनेशिवाय दर्याला नारळ द्यायचा तर बरं दिसत नाही. झालं गेलं विसरून जा, असं कृणाल म्हणतो. मीही म्हणतो.

तुझे सासरे,
तुळशीदास

(अनु, बाबांनी सगळं लिहिलंय. मी वाचलं. एकदम झकास सेटअप आहे, बघशील तर वेडी होशील. ये ना यार. — कृणाल)


वेसावे,
६ ऑगस्ट, दुपार

अनू बाय,

आशीर्वाद मागून. आधी हे वाच. परवा येऊ नकोस.

प्रेमा तुझा निरोप घेऊन आली. "बाबांनी स्वतः लिहिलंय म्हणून येते," असं तू म्हणालीस. प्रेमा तुला फोन करते म्हणत होती. कर म्हटलं. पण तू माझ्या अक्षरावर विश्वास ठेवलास, तेव्हा ते माझ्याच अक्षरानं खोडायला हवं.

मी ओट्यावर बसून लिहितोय. मागून आवाज येतोय त्यामुळे मन जागेवर नाही. काही पुढेमागे झालं तर सांभाळून घे.

पहिल्या पत्रात बोटांचं लिहिलं होतं. दोरी काचली नव्हती. चूक माझी होती ते आधी सांगतो. आम्ही कोळी, जाळं म्हटलं की हात आपसूक खालच्या दोरीला शिसं ओवतात. त्याशिवाय जाळं पाण्यात उभं राहत नाही. इथे कुठलं पाणी? पण मी ओवलं. पन्नास वर्षांची खोड. कृणालने पहिल्याच दिवशी जोरात चेंडू मारला, तो पडद्याखालून घुसून शिशावर आपटला आणि गोळीसारखा परत आला. प्रोजेक्टरची काच फुटली, ती नंतर बदलून आणली. कृणाल माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "हात ठेवा." मला वाटलं काहीतरी धरायला सांगतोय. मी पाइपवर हात ठेवला. त्याने लोखंडी काठी त्या हातावर हाणली. दोन बोटं मोडली. वर म्हणाला, "आता नाही ओवणार शिसं."

दवाखान्यात मी दोरीचंच सांगितलं. तू नाही का, मनगट मोडलं तेव्हा पायरीवरच्या शेवाळावरून घसरले म्हणून सांगितलंस. डॉक्टर तेव्हाही मान हलवून गप्प बसले होते.

फोन बिघडला नाही. जूनमध्ये तुझा फोन आला तेव्हा त्याने तो माझ्या कानावरून ओढून भिंतीवर फोडला. तुझं मशीनही नीट ठेवलेलं नाही. पोटमाळा पाडताना खालून काढतो म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे ना, तिला काय लागतंय?" वरून वासा पडू दिला. चाक एकीकडे, पाय एकीकडे. मी ते गोणीत भरून ठेवलंय, टाकलं नाही.

बोक्याचं ऋतिकाला सांगू नको. तो पडद्यासमोर झोपला होता. कृणालने चेंडू ठेवला, पाय फाकवून उभा राहिला, मला म्हणाला, "बाबा, बघा हां." एवढंच लिहितो. मी त्याला माडाखाली पुरलं.

थड थड चाललंय ते ऐकू येतंय की काय तुला, असं वेड्यासारखं वाटतंय. कागदातून कुठे ऐकू येणार.

आता आजचं. सकाळी टॉवरमधली दोन पोरं खेळायला येणार होती. आली नाहीत. मागच्या वेळी एकाने वाकडी काठी फिरवली म्हणून कृणालने त्याची कॉलर धरून त्याला चौकटीवर आपटलं होतं, मग कोण येणार? तो एकटाच मारत बसला. मी चहा घेऊन गेलो. पडद्यावर मैदान नव्हतं.

पडद्यावर तू होतीस. लग्नातला फोटो, मुंडावळ्या बांधलेला. भिंतीएवढा. तुझं तोंड प्रेमाच्या टोपलीएवढं मोठं. त्याने चेंडू रांगेत मांडले होते. एक मारला, तुझ्या कपाळावर. पडदा हलला की तुझा चेहरा हलायचा, वाटायचं तू मान वळवतेस. दुसरा डोळ्यावर. तिसरा तोंडावर. पांढऱ्या कापडावर चेंडूचे काळे डाग पडले होते, तेवढ्याच जागी. म्हणजे आजच सुरू झालेलं नव्हतं.

मी म्हटलं, "कृणाल, काय करतोस रे?"

तो वळलाही नाही. "नेम बसवतोय. परवा येतेय ना ती."

"आईबापांच्या घरातून बोलावलीस तिला. मला लिहायला लावलंस."

"मग? येऊ दे ना. तिने पोलिसात जायच्या गोष्टी केल्या होत्या, आठवतं? इकडे आली की बोलू आपण." मग हसला आणि पुढचा चेंडू ठेवला. "बाबा, चहात साखर कमी आहे."

मी म्हटलं, साखर आणतो.

बाहेर आलो. होडीचं जुनं पितळी कुलूप ओट्याखालच्या डब्यात असतं, होडी विकली तरी ते मी ठेवलं होतं. खोलीचं शटर धरून खाली ओढलं. दोन बोटं कामाची नाहीत, पण पूर्वी भरलेलं जाळं ओढायचो तसं सगळं अंग टाकून ओढलं. कडी बसली. कुलूप लागलं. तोपर्यंत त्याला कळलंही नाही, कारण तो मारत होता.

मग कळलं.

आता तो काठीने शटर ठोकतोय. पत्रा आतून बाहेर फुगलाय, जागोजागी टेंगळं आलीत. समोरून शेजारची शुभा भांडी घेऊन गेली, तिने वर बघितलंही नाही. रोजचाच आवाज.

आधी शिव्या दिल्या. तुला, मला, स्वतःच्या मेलेल्या आईला. मग म्हणाला, "म्हाताऱ्या, बाहेर आलो की तुझी वाट लावतो, उरलेली आठ बोटं पण मोडतो." मग शटरच्या खालून, अगदी जमिनीला तोंड लावून, लहानपणी बोलायचा तसा बोलला, "बाबा, गरम होतंय ओ. पाणी तरी द्या."

आत खरंच उकडतं. खिडकी त्यानेच प्रोजेक्टरला अंधार हवा म्हणून बुजवली. मी रडलो. खोटं कशाला लिहू. पसरट ताटलीत पाणी घेऊन फटीतून आत सरकवलं. त्याने काठीने ती भिरकावली, ती माझ्या नडगीला लागली. रक्त आलं. पाणी सगळं ओट्यावर.

प्रेमाचा नवरा धोंडू पोलीस चौकीत गेलाय. जाताना म्हणाला, "तुळशीदासदा, नक्की ना? नंतर पोरगा म्हणून मागे फिराल." तो मला चाळीस वर्षं ओळखतो. मी म्हटलं, जा तू.

पण बाय, मला माझं ठाऊक आहे. तो पुन्हा बाबा म्हणाला की मी उठणार. आत्ताच दोनदा उठलो. दोनदा किल्ली कुलपाला लावून परत बसलो. पोलिसांना यायला उशीर झाला, आत तो गप्प झाला, तर मी काय काय मनात आणीन. वायर, ओली भिंत, घाम. तो लहान होता तेव्हा त्याला आकडी यायची.

पोलीस आले की कुलूप तोडतील. त्यांना मी हात दाखवीन. पडद्यावरचे डाग दाखवीन. तुझ्या मनगटाचं विचारलं तर शेवाळ नव्हतं म्हणून सांगेन. तुझा एक्स-रे कपाटात साड्यांखाली आहे, तोही देईन. तू पण तिकडच्या चौकीत जा. एकटी जाऊ नको, आईला ने. रिक्षा दारातूनच कर.

श्रावणात सुक्या मासळीला गिऱ्हाईक नसतं, तरी प्रेमा तुझ्यासाठी निघालीय. टोपली डोक्यावर घेऊन समोर उभी आहे. "आवरा ओ दादा, बस चुकंल माजी," म्हणते. तिलाही आवाज ऐकू येतोय, तरी पदर खोचून उभी आहे. नारळ मी एकटाच दर्याला देईन. ऋतिकाच्या नावाने एक जास्त देईन.

तो परत हाका मारतोय. बाबा म्हणतोय.

म्हणून या पाकिटात कागदाबरोबर किल्ली घातली आहे. कुलपाला दुसरी किल्ली नाही. ती तुझ्याजवळ राहू दे, परत पाठवू नकोस. मी प्रेमाच्या हाताने मागितली तरी देऊ नकोस.

तुझा बाबा,
तुळशीदास