मास्तरवरचा ठपका

३ डिसेंबर

नळ परत गोठला. किटलीभर उकळतं पाणी ओतलं तेव्हा कुठे सुटला, तोवर माझी बोटं बधिर. तबेल्यात दोन घोडे, घरात कुत्रा, मांजर, सासूबाई आणि प्लॅस्टरमधला नवरा — आणि सगळ्यांना सगळं एकाच वेळी हवं!

नवरा खिडकीशी बसून कुबडीनं काच वाजवतो. काच वाजली की समजायचं, माझं काहीतरी चुकलं. आज चुकलं ते असं, की मी मास्तरच्या फार जवळ गेले. लांबूनच चंदी टाक म्हणे. लांबून कशी टाकायची? गोफणीनं?

मास्तर म्हणजे आमचा मोठा तांबडा घोडा. घोडेस्वारी शिकायला येणारी पोरं इतकी वर्षं त्याच्याच पाठीवर तयार झाली. रडणारी, किंचाळणारी, आयाळ ओढणारी — सगळी त्यानं सांभाळून घेतली, म्हणून हे नाव. गेल्या महिन्यात नवरा एकटाच त्याला घेऊन शेतापलीकडच्या वाटेनं गेला आणि पाय मोडून आला. मास्तरनं फेकलं म्हणाला. तेव्हापासून मास्तरचं नाव काढायची सोय नाही.

५ डिसेंबर

लीद गोठून दगड झालीय. फावडं चालत नाही, पहारीनं फोडावी लागते. आणि लग्नात सगळे म्हणत होते, घोडेवाला मिळाला, नशीब काढलंस.

८ डिसेंबर

पोरांच्या आयांचे फोन. सगळ्यांचा प्रश्न एकच — सुट्टीत शिकवणी सुरू झाली की त्याच घोड्यावर बसवणार का? विचारतीलच. यानं दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, औषधाच्या दुकानात फोन करून गोळ्यांबरोबर तेही सांगितलं. दर वेळी गोष्ट वाढत जाते. आधी मास्तर बिथरला होता. मग उधळला. आता त्यानं मुद्दाम फेकलं.

आज म्हटलं एकदा नीट विचारावं. बिथरला तो कशाला? पाखरू उडालं? कुत्रं आडवं आलं? हा नुसता खिडकीकडे बघत राहिला. परत विचारलं. चेहरा कोरा, पापणी हलत नाही. बऱ्याच वेळानं वळून म्हणतो कसा, काय म्हणालीस? मला असं भिंतीसारखं वागवलेलं सहन होत नाही. भाजी चिरत होते, ती सुरी तशीच आपटून बाहेर गेले आणि मैनाला उगाचच खरारा केला. मैना म्हणजे आमची लहान घोडी. तिचं अंग आधीच चकाकत होतं.

परत आले तर सासूबाई विणकामावरची नजर न काढता म्हणाल्या, "लहानपणी हा पडला की मी जमिनीला चापट मारायचे. मगच रडं थांबायचं." आठवड्यात पहिल्यांदा हसले.

१२ डिसेंबर

बर्फ पडला. घोड्यांना पाण्यावर नेताना अंगणात माझा पाय सटकला आणि मी दोरीसकट मास्तरच्या पोटाखाली. वर बघितलं तर त्याचा पुढचा पाय उचललेला, अगदी माझ्या छातीवर. वाटलं, संपलं आता. पण त्यानं तो पाय तसाच अधांतरी धरून ठेवला. मी सरपटत बाहेर आले, कपडे झटकले, तेव्हा कुठे हळूच टेकवला. नाकातून वाफ सोडत माझ्याकडे बघत होता, जणू पोरांपैकीच एखादी मी.

हा घोडा मुद्दाम फेकतो?

तशीच ओल्या कपड्यांनी आत जाऊन सांगितलं. हा म्हणाला, म्हणजे मी खोटं बोलतोय. मी म्हटलं, मी तुझं काही बोलतच नाहीये, घोड्याचं सांगतेय. मग जेवण होईस्तोवर सासूबाई मांजराशी बोलत बसल्या.

१३ डिसेंबर

गठुळ्यानं माझा हातमोजा खाल्ला. कुत्र्याला गठुळं नाव ठेवलं तेव्हा वाटलं होतं, पडून राहील. एकच खाल्ला. दोन्ही खाल्ले असते तर निदान नवे आणले असते.

१६ डिसेंबर

डॉक्टरकडे पाय दाखवायला जायचं होतं. गाडी गरम करून ठेवली, याची पिशवी भरली, चांगल्या पायाचा बूट पुढे केला. ऐनवेळी म्हणतो, आज नको, फार गारठा आहे. मी पहाटेपासून गारठ्यातच आहे, ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

दुपारी त्याहून बरं ऐकवलं. मास्तरला विकतोय. व्यापाऱ्याशी बोलून झालं. मला विचारलंसुद्धा नाही! शिकवणी चालवायची तर हा घोडा दारात नको म्हणे. आणि फेकणारा म्हणून त्याचं नाव सगळीकडे इतकं झालंय, की स्वारीसाठी कुणी घेणार नाही. व्यापारी ओझ्याच्या गाड्यांसाठी देणार. या वयात, या थंडीत मास्तर ओझी ओढणार.

भांडले. चांगली भांडले. प्लॅस्टर निघेपर्यंत थांब म्हटलं. माझ्या भरवशावर ठेव म्हटलं. तू फक्त खिडकीत बस, मी त्याचं सगळं करते, आत्तातरी कोण करतंय? शेवटी म्हटलं, मी घाबरावं असं मास्तरनं काय केलं ते एकदा नीट सांग, मग पुन्हा बोलणार नाही. त्यानं तोंड फिरवलं. इतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि माझा बापही काही कमी नव्हता.

१९ डिसेंबर

मास्तरची आयाळ विंचरली, खूर साफ केले. कशासाठी, माहीत नाही. ओझ्याच्या गाडीला कोण आयाळ बघतंय? मांजर त्याच्या पाठीवर झोपलं होतं, झुलीच्या उबेला. त्याला उठवावं लागू नये म्हणून घोडा मान वळवायचासुद्धा नाही. काच वाजली. आज मी वळून बघितलंच नाही.

२१ डिसेंबर

गेला.

व्यापारी दोरी, चाबूक, सगळ्या तयारीनं आला होता. काही लागलं नाही. मास्तर आपणहून फळीवरून गाडीत चढला. थोडा अडला असता तर मीही आडवी पडले असते, पण त्यानं तेवढीही संधी दिली नाही. व्यापारी माझ्याकडे बघून म्हणाला, "हा फेकतो?" मैना तबेल्यातून खिंकाळत राहिली. गठुळं वळणापर्यंत गाडीमागे धावलं.

खिडकीचा पडदा ओढलेला होता.

२२ डिसेंबर

मैनानं चंदीला तोंड लावलं नाही. मी याच्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि निघते. सासूबाई म्हणाल्या, दोघांपैकी कुणीतरी बोला, मांजराकडचे विषय संपले. तरी नाही बोलले. उद्याही बोलणार नाही.

२३ डिसेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी याच्या हातून चहाचा कप पडला. काही न बोलता पुसायला वाकले, तर वरून म्हणाला, "त्यानं नाही फेकलं मला." याच्याच डोळ्यांपुढे एकदम अंधार आला होता. शुद्धीवर आला तेव्हा हा बर्फगार चिखलात, आणि मास्तर अंगावर सावली धरून उभा, लगाम लोंबतोय, जागचा हललेला नाही. असं त्याआधीही झालं होतं. एकदा तर शिकवताना, लहान मुलगी घोड्यावर असताना. सांगितलं असतं तर घोड्यावर बसणं बंद, शिकवणं बंद. म्हणून ठपका मास्तरवर.

चिडावं तर सुरुवात कुठून करावी तेच कळेना. बूट पुढे केला. या वेळी निमूट घातला.

व्यापाऱ्याला फोन लावला. घोडा अजून त्याच्या दारात आहे, पण ओझ्याच्या गाडीवाले दुपारी न्यायला येतायत, तो काही थांबणार नाही म्हणाला. सासूबाईंनी ते ऐकलं, विणकाम पिशवीत कोंबलं आणि दूधवाल्याच्या गाडीत बसून गेल्या. व्यापाऱ्याच्या दारातच बसणार आहेत. त्यांना उठवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

याला आत्ताच आत नेलं, डोक्याच्या तपासणीला. दारातून वळून म्हणाला, "माझं काहीही निघू दे. तू मास्तरला घरी आण."