पहिल्याच पेल्याला आभार

प्रिय एल्बिओ,

बाळाचा फोटो पोचला. बाबांनी तो चुलीवरच्या फळीवर उभा करून ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "नाक आमचं, बाकी सगळं मोंतेविदेओचं." मेंढ्यांची लोकर कापून झाली. या वर्षी बाबा नुसते कुंपणाला टेकून बघत होते. दमले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते मला चांगलं जमतं.

मग एका सकाळी मी माते करायला घेतलं, सुक्या पानांवर कढत पाणी ओतून पहिला पेला त्यांना दिला. त्यांनी नळीने दोन घोट घेतले, डोळे मिटले आणि पेला परत देत म्हणाले, "आभार." तुला माहीत आहे, माते पिताना आभार मानले म्हणजे पुरे, आता मला देऊ नकोस. थर्मास रिकामा होण्याआधी हा शब्द मी बाबांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तेव्हा कुठे मला बाकीचं दिसायला लागलं. भाजलेलं मटण ते कुत्र्याला टाकतात, स्वतः रश्शात भिजवलेला पाव खातात. पट्ट्याला नवं भोक पाडलंय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं कढत वर्षानुवर्षं प्यायलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, असं संशोधनातून दिसतंय; त्यात बाबांची तंबाखू. धोका म्हणजे निदान नव्हे, असंही म्हणाल्या. ते वाक्य मी दिवसभर धरून बसते. दुर्बीण घालून बघायला हवं, आणि ती सोय इथे नाही, तुमच्या मोंतेविदेओलाच आहे. राजधानीतली माणसं वेळेवर तपासून घेतात, आपल्याकडे घास अडकेपर्यंत कुणी निघत नाही. हा राग व्यवस्थेवरचा, की एकाच टेबलावर जेवूनही काही न दिसलेल्या माझ्यावरचा, ते मला ठरवता येत नाही.

आता मी पाणी निववून देते. "कोमट पाणी पाय धुवायला असतं, पोरी. माझे आजोबा नव्वदीपर्यंत उकळतं प्यायले." मग गेले कशाने, मी विचारलं. "घोड्यावरून पडून. घोड्यांवर करा म्हणावं संशोधन." आम्ही दोघंही हसलो. हसता हसता त्यांना ठसका लागला, तो थांबेना.

अखेर ते तपासणीला यायला तयार झाले, एका अटीवर: तुला कळता कामा नये. "त्याच्या घरी तान्हं बाळ आहे. शिवाय तो आला की रडणार, मग मलाही रडावं लागणार." मी शब्द दिला, आणि या पत्राने तो मोडतेय. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. त्या तपासणीच्या खोलीबाहेर मला एकटीला बसवणार नाही, एवढंच माहीत आहे. गुरुवारी पहाटेच्या बसने आम्ही पोचतो. स्थानकावर ये. सहज भेटल्याचं सोंग करू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही. त्यांच्या हातातली पिशवी तेवढी घे. ते माझ्यावर चिडतील. चिडू देत.

तुझी बहीण,
नील्दा