आधी उघडलेला गिअरबॉक्स

पप्पा, तुम्ही घेऊन दिलेल्या गाडीचा गिअरबॉक्स आता घसरतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. नवरा म्हणतो, विकून टाक, टॅक्सीने जा. त्याचं काय जातं? माझा डावा पाय जन्मापासून अधू, क्लचची गाडी मला जमत नाही. पनवेलहून उरणच्या ऑफिसला कुणाच्या मेहरबानीशिवाय जायचं तर ही एवढीच ऑटोमॅटिक गाडी आहे. नवीन पनवेलच्या काचेच्या केबिनमधला मेकॅनिक म्हणाला, अख्खा गिअरबॉक्स खोलून नव्याने बांधावा लागेल. मला वाटलं, लुटतोय. एसटी स्टँडमागचा मिस्त्री म्हणाला, आधी तेल आणि एक व्हॉल्व्ह बदलून बघू. मला वाटलं, हा मला खेपा घालायला लावणार. संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत. एकदा मी गाडी गॅरेजमध्ये सोडून समोर चहाला गेले, तर सगळ्यांदेखत खेकसलात, "गाडी टाकून चहा ढोसतेस? आतलं काय काय बदलतील, तुला पत्ता लागायचा नाही!" मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

म्हणून काल मिस्त्रीच्या डोक्यावरच उभी राहिले. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "मॅडम, हा आदी कोनीतरी खोललाय."

"शक्यच नाही. माझ्या वडिलांनी कुणाला हात लावू दिला नसता."

"बोल्टवर पान्याच्या खुना हायत. कंपनीचं काम असं नसतं. मंग वडलांनाच इचारा ना."

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, हे त्याला कुठे माहीत? तर विचारते. तो आठवडा आठवतो? आई तुमच्या मागे लागली होती, पोरीला उरण रोडच्या त्या कंटेनर ट्रकांमधून गाडी हाकायला लावू नका, विका ती. आणि तुम्ही एकदम सांगितलंत, गाडी अलिबागला लग्नासाठी दिलीय. मग रोज तुम्ही माझ्याबरोबर उरणच्या एसटीत बसताय, माझी बॅग मांडीवर घेऊन, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलेय. गाडीवाचून चालतं हे मला पटवायला आला आहात, अशी माझी खात्रीच होती. आपल्या ज्यू रीतीप्रमाणे शब्बाथला वाहनात पाय न ठेवणारे तुम्ही शनिवारीही एसटीत चढलात, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गिअरबॉक्स तेव्हाच गेला होता ना? आईला कळलं असतं तर गाडी विकली गेली असती. आठवडाभर मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही, त्याची आज फार लाज वाटते.

वरवर केलं तर, असं मी मिस्त्रीला विचारलं. "वरीसभर चालंल, मंग रस्त्यात बंद पडंल. तवा नीट बांदला व्हता, म्हनून इतका टिकला."

आज पूर्ण बांधायला सांगून आले. त्याचा भरवसा अजून वाटत नाहीच. नवऱ्याला मात्र तेल बदलायला दिलीय एवढंच सांगितलंय, त्यामुळे हे पत्र घरात ठेवायची सोय नाही.