तिलाच नको आहे

दि. ४ डिसेंबर, मंगळवार

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून काळजात धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. मीही बरा आहे. वर्षातून दोनदा आपण फोनवर बोलतो, ते म्हणजे जेवलास का, थंडी पडली का, बरं ठेवते. म्हटलं, या खेपेस लिहावं. औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचतेस, त्यापुढे माझं अक्षर म्हणजे छापील पुस्तक.

सध्या शाळेचं काम चालू आहे. बाकं, दारं, खिडक्या, सगळं गेली अठरा वर्षं माझ्याकडेच असतं. यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली, त्यामुळे नुसती धांदल. पताका, दिवे, फुगे, मुलांचं नाटक, पाहुणे. कार्यक्रम बावीस तारखेला आणि हॉलमधलं स्टेज नेहमीप्रमाणे मी बांधायचं. खाली माझ्या लाकडी चौकटी, वर फळ्या, तीन फूट उंची, बाजूला पाच पायऱ्या. डोळे मिटून बांधतो म्हणालीस तरी चालेल.

तिथे चौथीत एक मुलगी आहे. दोन्ही पायांना पट्टे, हातात दोन कुबड्या. मी तिला वकीलबाई म्हणतो. मधल्या सुट्टीत येऊन माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसते आणि उलटतपासणी सुरू. परवा विचारते, "काका, हे स्टेज एवढं उंच का?"

म्हटलं, "आधीपासून एवढंच असतं."

"कुणी ठरवलं?"

"काय माहीत बाई."

"मग माहीत नसताना तुम्ही का बांधता?"

मी खिळे तोंडात धरले, म्हणजे बोलावं लागत नाही.

तर काल काय झालं, मी स्टेजच्या खाली आडवा पडून चौकटी आवळत होतो. वर दोन बाई मुलांची नावं वाचत होत्या. एवढे नाचात, एवढे गाण्यात, एवढे नाटकात. उरलेल्या चौघांना पिवळे बिल्ले. बिल्ल्यावर लिहिलंय 'स्वयंसेवक'. म्हणजे दाराशी उभं राहून पाहुण्यांना पाणी द्यायचं. एक बोलताना अडखळणारा मुलगा, एक जाड भिंगांचा, एक मुलगी जिला खोकल्याची उबळ येते आणि चौथी आपली वकीलबाई. एकीने विचारलं, "हिला काहीतरी द्यायला नको का?" तर वर्गाच्या बाई म्हणतात, "अहो, तिलाच नको आहे. लाजते ती."

वकीलबाई आणि लाजते! माझ्या हातातला पाना सुटला आणि कपाळावर आपटला. अजून टेंगूळ आहे. वहिनी म्हणते, बरं झालं, थोडी अक्कल आत गेली असेल.

मी बाहेर आलो तो तावातावाने. वर्गाच्या बाईंना म्हटलं, "तुम्ही तिला विचारलंत?" त्या म्हणाल्या, "काका, पायऱ्या आहेत, धडपडली तर जबाबदारी कुणाची?" बाई वाईट नाहीत हो. पण मला इतका राग आला की काय सांगू. का आला, ते विचारू नकोस. वय झालं की डोकं लवकर तापतं, असं समज.

दुपारीच टेप घेऊन बसलो. पायऱ्यांऐवजी उतार करायचा तर एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी हवी, नाहीतर कुबड्या घेऊन चढणाऱ्याची छाती फुटेल. तीन फुटांना झाले छत्तीस. बाजूला जागा आहे चौदा फूट. म्हणून ठरवलं, उतार उंच नेता येत नाही ना, मग स्टेजच खाली आणायचं. उंची फक्त एक फूट. बस्स.

मोठ्या बाईंना उद्या सांगणार आहे. काय होईल ते कळवतो. हे सगळं तुलाच का लिहितोय, कुणास ठाऊक. म्हणजे ठाऊक आहे. पण वहिनी पानावर बोलावते आहे.

तुझा दादा


दि. ९ डिसेंबर, रविवार

प्रिय भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर यायच्या आतच हे दुसरं लिहितो आहे.

मोठ्या बाईंशी वाजलं. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं स्टेज तीन फूटच आहे. मागच्यांना दिसणार कसं?" मी कागदावर काढून नेलं होतं. लहान मुलं पुढे सतरंजीवर, त्यांच्यामागे बाकं, सर्वांत मागे फळ्यांवर चढवलेल्या खुर्च्या. त्या म्हणाल्या, "आणि पाहुणे? ते काय एवढ्याशा पाटावर बसणार?" मी म्हटलं, "बाई, पाहुणे खुर्चीत बसले की कुठूनही तेवढेच दिसतात." शिपाई दाराआड हसला. बाई हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "एका मुलीसाठी एवढं?"

मी म्हटलं, "चौकटी माझ्या, फळ्या माझ्या, हात माझे. बांधेन तर एक फुटाचं आणि उताराचं. नाहीतर दोन आठवडे आहेत, दुसरा सुतार बघा." आणि तिथेच उभा राहिलो. शाळेचं काम गेलं असतं तर वहिनीने घराबाहेर काढलं असतं. पण हललो नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "करा काय करायचं ते. पण कोणी पडलं तर बघा."

आज सगळ्या चौकटी कापून झाल्या. उताराला दोन्ही बाजूंनी कठडा केलाय, हात घसरू नये म्हणून तीनदा पॉलिश पेपर मारला. वर्गाच्या बाईंनी वकीलबाईला नाटकात घेतलं! झाड केलंय तिला. कोपऱ्यात बसायचं, हातात फांद्या. आणि मी फळ्यांवर जाड काथ्याची चटई अंथरली, म्हणजे तिच्या कुबड्या वाजणार नाहीत, कुणी वळून बघणार नाही. मी इतका खूश झालो की येताना गुणगुणत आलो.

आणि घरी आल्यावर हात धुताना सगळी खुशी उतरली. कारण आता तुला ते सांगायलाच हवं.

तू नऊ वर्षांची होतीस, मी तेराचा. आपल्या शाळेत नाटक होतं, मी त्यात सेनापती. तुला अख्खं नाटक पाठ, राजाचं, राणीचं, माझं, सगळ्यांचं. नाटकाच्या बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. आसपास माझे मित्र होते. बाईंनी विचारलं, "काय रे, तुझ्या बहिणीला दासीचं काम देऊ का? करेल ना?"

मी म्हणालो, "नको बाई. तिलाच नको आहे. ती लाजते."

भिंगरे, पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता. तू पायऱ्या चढायचीस, पाय ओढत का होईना, भरभर चढायचीस. मला लाज वाटत होती. तू स्टेजवर लंगडत आलीस आणि मित्र हसले तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी घरी तू विचारलंस, "बाई काही म्हणाल्या का रे?" मी म्हणालो, "नाही."

कार्यक्रमाला तू पहिल्या रांगेत बसलीस. मी माझं वाक्य विसरलो आणि तू खालून खणखणीत आवाजात सांगितलंस. सगळा हॉल हसला. घरी येऊन मी तुझ्यावर किती ओरडलो, ते तुला आठवत असेल. तू तेव्हापासून कुठल्या समारंभात पुढे बसली नाहीस. माझ्या लग्नातही फोटोला आली नाहीस आणि लोकांनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं माहीत आहे? "तिला आवडत नाही."

चाळीस वर्षं मी तुझ्या वतीने 'नाही' म्हणत आलो. तुला वाटत असेल, बाईंनी तुला घेतलं नाही. बाईंनी विचारलं होतं. मी घालवलं.

माफ कर म्हणायची हिंमत होत नाही, तरी म्हणतो. माफ कर.

दादा


दि. २३ डिसेंबर, रविवार

प्रिय भिंगरीस,

तुझं पत्र चौदाला मिळालं. दुकानाच्या कागदावर चारच ओळी, पण मी इतक्यांदा वाचल्या की वहिनीने विचारलं, औषध आहे का त्यात, दिवसातून किती वेळा घ्यायचं?

तू लिहिलंस, 'माफीचं आत्ता विचारू नकोस. मला राग आलाय आणि तो मी सावकाश करणार आहे. पण एक सांग दादा, झाड व्हायचं आहे का, हे त्या मुलीला कुणी विचारलं? तू तरी विचारलंस?'

मी विचारलं नव्हतं. स्टेज खाली आणलं, उतार केला, कठडा घासला, मोठ्या बाईंशी भांडलो, काथ्या अंथरला आणि जिच्यासाठी केलं तिला एका शब्दाने विचारलं नाही. वर्गाच्या बाईंवर ओरडायला मात्र मी पुढे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पेटीवर येऊन बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "वकीलबाई, एक विचारू? झाड व्हायला आवडेल ना?"

ती म्हणाली, "नाही."

"मग काय व्हायचंय?"

"दवंडीवाला. राजाचा मुकुट हरवतो ना, तेव्हा तो सगळ्या गावातून ओरडत जातो. मला इकडून तिकडे जायचंय. सगळं स्टेज."

"मग बाईंना सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलंच नाही. तुम्हीपण नाही विचारलंत."

घे. बरोबर तुझंच वाक्य. मी कान पकडले. ती म्हणाली, "आणि काका, ती काथ्याची चटई काढा."

"अगं, कुबड्यांचा आवाज होईल."

"मग? दवंडीला आवाज नको?"

मी काथ्या तिथल्या तिथे गुंडाळला. फळ्यांखाली पोकळी असते, कुबडी टेकली की 'धप्' असा घुमतो आवाज. ती दोनदा चालून आली, खाली बघत, ऐकत. मग म्हणाली, मधली फळी जरा कमी वाजते. खरंच कमी वाजत होती. मी खालचा आधार सरकवला.

वर्गाच्या बाईंकडे ती स्वतः गेली, मी नुसता दाराशी उभा राहिलो. आत बोलायला जीभ शिवशिवत होती, पण दात आवळून धरले. बाई म्हणाल्या, "तुला पार जायला वेळ लागेल गं, नाटक लांबेल." ती म्हणाली, "मुकुट हरवलाय बाई. घाई राजाला असेल, दवंडीवाल्याला नाही." बाईंना हसू आलं. आणि मग त्यांनी, हे मी मुद्दाम लिहितो, बाकीच्या तिघांनाही बोलावून विचारलं. अडखळणाऱ्याला खरोखर पाणीच द्यायचं होतं, त्याला पाण्याचा तो मोठा जग आवडतो. बाकी दोघं गावकरी झाले.

काल कार्यक्रम झाला. ती उतारावरून वर आली. धप्. धप्. धप्. मागे काही जण कुजबुजले, एक पाहुणे घड्याळात बघू लागले. ती मध्यावर थांबली, सगळ्यांकडे बघितलं आणि अशी ओरडली, "ऐका हो ऐका!" की ते पाहुणे दचकले. मग पुढे निघाली. शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत हॉलमध्ये नुसता कुबड्यांचा आवाज. टाळ्या पडल्या तेव्हा तिने वळून सांगितलं, "थांबा, मुकुट अजून सापडला नाहीये."

मी पडद्यामागे दोरी धरून उभा होतो. हमसून रडलो, भिंगरे. वकीलबाईसाठी कमी, तुझ्यासाठी जास्त. तू अशीच बोलली असतीस. याहून खणखणीत.

मोठ्या बाई नंतर म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा तीन फूट करू. मी म्हटलं, "नाही." त्यांनी दोन-तीनदा विचारलं, मी दोन-तीनदा तेच म्हटलं.

तुझा राग तू सावकाश कर. मी घाई करणार नाही, समजूतही घालणार नाही. पण एक विचारायचं आहे. इतक्या वर्षांत मी तुझ्या घरी आलो नाही, कारण मीच ठरवून टाकलं होतं की तुला आवडणार नाही. मी येऊ का? जानेवारीत सुट्टी आहे. हो म्हण, नको म्हण, आत्ता नको म्हण, जे असेल ते.

वहिनी पिशवी काढायला निघाली होती. मी म्हटलं, ठेव ती. ती म्हणाली, "अहो, ती काय नाही म्हणणार आहे का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. तिला विचारलंय."

तुझ्या उत्तरापर्यंत गप्प बसलेला,
तुझा दादा